गळती सापडली, गालिचा हरवला

गुरुवारी सकाळी प्रभाकर खांबेटे चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आले, माशांच्या टाकीसमोर नेहमीच्या जागी उभे राहिले आणि त्यांचा डावा पाय ओला झाला. दुसरा कुणी असता तर "अगं बाई, पाणी!" म्हणून ओरडला असता. प्रभाकरपंतांनी तसं काही केलं नाही. त्यांनी उजवा पायही डाव्याच्या शेजारी ठेवून पाहिला. तोही ओला झाला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की काय सांगू! उभी हयात पाणीपुरवठा खात्यात गेलेली. लोकांच्या गळत्या शोधता शोधता माणसाचे केस पांढरे झाले, पण निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या घरात एक साधा नळसुद्धा कधी टपकला नव्हता. आज गळती आपल्या पायांनी घरात चालत आली होती.

"शुभदा, इकडे ये जरा. गंमत आहे."

शुभदाबाई पोळ्या लाटत होत्या. या घरात नवऱ्याने 'गंमत' म्हटलं की आधी गॅस बंद करायचा, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. त्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. टाकीखाली गालिच्याचा रंग काळपट झालेला दिसला.

"अहो, गालिचा!"

"हो, गालिच्यावरच साठलंय. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की येतंय कुठून?"

आता गालिचा भिजला तर वाळवावा, त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण हा गालिचा खांबेट्यांचा नव्हता. तो होता मंजिरी भगिनी मंडळाचा. मंडळाची बैठक दर महिन्याला एकेकीच्या घरी असे. थोडी भजनं, थोडं वाचन आणि भरपूर खाणं. जिच्याकडे बैठक, तिच्याकडे गालिचा आधीच येऊन पडे आणि बैठक झाली की पुढचीकडे रवाना होई. खांबेट्यांचा हॉल लहान, त्यामुळे टाकीचं स्टँडही गालिच्यावरच आलं होतं. चॉकलेटी रंगाचा, जाडजूड, पाठीला कापड शिवलेला. मधोमध एक कलश. खाली गोल पोट, वर नारळ, बाजूला आंब्याच्या पानांचे शेंडे. अध्यक्षा नीरजाताईंनी तो थेट भदोहीहून मागवलेला. "विणकराला समोर बसवून कलश काढून घेतलाय मी," हे त्या दर वर्षी नव्या सभासदांना सांगत. त्या कलशावर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही. बैठकीआधी त्याला हळदकुंकू वाहायचं आणि मंडळाची समई त्याच्यावरच ठेवायची, असा रिवाज होता.

शुभदाबाईंच्या घरी या शनिवारी पहिल्यांदाच बैठक होती. लेक ऋजुता लग्न होऊन पुण्याला गेली, तेव्हा घर खायला उठलं म्हणून त्या मंडळात गेल्या. गळा बेताचा, चार माणसांत बोलायची भीती, पण मंडळात जीव रमला. प्रत्येकीची पाळी येऊन गेली, यांची काही येईना. "तुझ्याकडे ती पाण्याची काचेची पेटी आहे ना? नको गं बाई," असं म्हणून नीरजाताईंनी दोनदा पुढे ढकललं होतं. शेवटी शुभदाबाई भर बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गालिच्याची जबाबदारी माझी!" आता त्याच जबाबदारीवर मासे पाणी सोडत होते. गालिच्याला काही झालं असतं तर मंडळात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती, आणि मंडळ सुटलं असतं तर त्यांना सगळे वार पुन्हा सारखेच झाले असते.

त्या धावत जुने टॉवेल, जुन्या साड्या, हाताला लागेल ते घेऊन आल्या.

"थांब! पुसू नकोस!" प्रभाकरपंत दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"का?"

"पुसलंस तर कळणार कसं? पाण्याची वाट पुसून टाकलीस की गळतीचा शोध संपला. आधी निदान, मग औषध."

"अहो, परवा बायका येणारेत!"

"म्हणून तर म्हणतो, मुळाशी जाऊ. थोडं गव्हाचं पीठ दे."

पीठ आलं. टाकीच्या स्टँडभोवती त्यांनी पिठाची रेघ ओढली. ज्या बाजूचं पीठ आधी भिजेल, ती गळतीची बाजू. खात्यात म्हणे असंच करत. पण खात्यात खाली सिमेंट असायचं. इथे गालिच्याने खालून चोहोबाजूंनी पाणी वर ओढलं, पीठ सगळीकडून एकदम भिजलं आणि मंडळाच्या गालिच्यावर कणकेची गोल कड तयार झाली. शुभदाबाईंनी कपाळाला हात लावला.

"अनिर्णित," प्रभाकरपंत म्हणाले. "तुझी टिकल्यांची पाकिटं कुठेत?"

त्यांनी टाकीच्या काचेवर, बरोबर पाण्याच्या पातळीला, एक लाल टिकली चिकटवली. मग खुर्ची ओढून समोर बसले. चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला. पाणी टिकलीच्या खाली उतरलं.

"सिद्ध झालं. टाकीच गळतेय."

"मग मी सकाळपासून दुसरं काय म्हणत होते?"

"तू अंदाज करत होतीस. मी सिद्ध केलं. आता फक्त जागा शोधायची. घरात नीळ आहे का गं?"

इथे शुभदाबाईंनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण सकाळपासून डोकं बधिर झालेलं. त्यांच्या तोंडून खरं तेच गेलं, "मोरीतल्या फळीवर." पंतांनी मासे चहाच्या गाळण्याने एकेक काढून बादलीत ठेवले. जिवाला जपणारा माणूस, तेवढं मात्र मानायला हवं. मग टाकीत अख्खी नीळ ओतली, पळीने ढवळली आणि गालिच्यावर पालथे पडून स्टँडखाली बॅटरी मारून बघत राहिले.

खूप वेळ काही झालं नाही. मग ते एवढ्यांदा ओरडले की समोरच्या दारातली क्लारा घोन्साल्विस धावत आली.

"सापडली! शुभदा, सापडली! मागचा डावा कोपरा! बघ कशी निळी धार लागलीय, अगदी नकाशा काढल्यासारखी!"

धार खरंच सुरेख लागली होती. स्टँडच्या पायावरून उतरून ती गालिच्यावर आली होती आणि तिथून थेट कलशाच्या दिशेने निघाली होती. शुभदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांना रडूच फुटलं.

"प्रभाकर," क्लारा म्हणाली, "तुम्ही आत जा बघू. आणि कशालाच हात लावू नका."

क्लारा म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली बाई. माहेर उत्तनचं. सूर असा, की अजूनही जिन्यात ती दिसली की मोठमोठे लोक सरळ चालतात. तिने टाकी रिकामी करवली, टॉवेल टाकून त्यावर पाय दाबून दाबून पाणी टिपलं आणि निकाल दिला.

"हे इथे नाही वाळणार. पाणी आत मुरलंय. दोन दिवस असंच ठेवलं तर असा वास मारेल ना, की तुमच्या भजनाला कोणी तोंड उघडणार नाही. गच्चीवर न्यायला लागेल. धुवायलाच लागेल पूर्ण."

"पूर्ण? फक्त निळं काढलं तर?"

"मग एवढाच भाग उजळ दिसेल, बाकी मळका. शुभदा, धुतला असा कळणार नाही, अशी एकच धुलाई असते. सगळी!"

बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. ओला गालिचा म्हणजे साधं ओझं नव्हे. पाठीच्या कापडाने पाणी धरून ठेवलेलं. गुंडाळी करून पुढून क्लाराच्या नवऱ्याने, युजीनने, खांदा दिला, मागून प्रभाकरपंतांनी. चादर गुंडाळलेली ती लांबलचक वळकटी जिन्यातून ठिबकत वर निघाली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चष्मा न लावताच दार उघडलं, हात जोडले आणि मुकाट्याने दार लावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावर शालूताई राहतात. मंडळाच्या खजिनदार, आणि बातमीदारही त्याच. पण देव पाठीशी होता. शालूताई डोंबिवलीला भाचीकडे गेल्या होत्या.

गच्चीवर रिठ्याचं पाणी, व्हिनेगर, आणि प्रभाकरपंतांनी स्वतःच्या डोक्याने आणखी काय काय मिसळलं ते त्यांचं त्यांना माहीत. ब्रशने घासायला सुरुवात झाली. नीळ पहिल्या दोन बादल्यांतच निघून गेली. शुभदाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. इथेच थांबायचं होतं. पण बादली ओतल्यावर खालून जे पाणी वाहिलं, ते बघून प्रभाकरपंत उकिडवे बसले.

"हे बघा, चहासारखं पाणी येतंय."

"मळ आहे तो," युजीन म्हणाला.

"हो, पण किती असेल? आणि मळ गेल्यावर खाली काय असेल?"

"अहो, खाली गालिचा असेल! पुरे आता!" शुभदाबाई म्हणाल्या.

"एक बादली, बस."

त्या एका बादलीनंतर आणखी एक झाली. दर बादलीला पाणी थोडं फिकट येई आणि दर बादलीला सगळे वाकून बघत. कुतूहल हा मोठा वाईट रोग. युजीनची कंबर दुखत होती, तरी तो जाईना. क्लारा पैज लावायला लागली, की पुढची बादली स्वच्छ येणार. खुद्द शुभदाबाई रडणं विसरून "अजून येतंय हो!" असं म्हणायला लागल्या. कलशाला मात्र त्यांनी कुणाचा ब्रश लागू दिला नाही. तिथे त्या स्वतः पदर खोचून बसल्या आणि देवाची भांडी घासावीत तशा भक्तिभावाने रिठ्याचा फेस हाताने चोळत राहिल्या.

मग प्रश्न आला वाळवण्याचा. पंतांना तो जमिनीवर उन्हात पसरायचा होता.

"अजिबात नाही," क्लारा म्हणाली. "आमच्या उत्तनला बोंबीलसुद्धा कोणी असे जमिनीवर वाळवत नाही. काठीवर टांगतात. वारा दोन्ही अंगांनी लागायला पाहिजे. उन्हाने वरचं वाळतं, वाऱ्याने आतलं."

म्हणून मंडळाचा गालिचा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पाइपवर बोंबलासारखा दुमडून टांगला गेला. शुक्रवारी सकाळी शुभदाबाई, पंत आणि क्लारा अशी तिघं वर गेली आणि दारातच थांबली. चॉकलेटी गालिचा तिथे नव्हताच. पाइपवर एक लखलखीत डाळिंबी गालिचा डुलत होता, आणि ज्याला सगळ्याजणी इतकी वर्षं पानाफुलांची कड म्हणत होत्या, तिथे हिरवे पोपट बसले होते. एकामागे एक, लाल चोचींसकट.

"अगं बाई!" शुभदाबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"म्हणजे चॉकलेटी हा रंग नव्हता. तो काळ होता," प्रभाकरपंत हरखून म्हणाले. "काय शोध लागला बघ!"

पण शोधाचा आनंद पुरता व्हायच्या आत गच्चीच्या दारात पापडांची परात घेऊन शालूताई उभ्या! भाचीकडून सकाळीच परतल्या होत्या.

"अय्या, काय सुरेख गालिचा! कुणाचा हो?"

आता खरं बोलून टाकायचं की नाही? "आपलाच, मंडळाचा, धुतलाय," एवढं म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण शालूताईंना एकदा सांगितलं की का धुतला, कशाने भिजला, नीळ कुठून आली, हे सगळं नौपाडाभर व्हायला चहा उकळायचासुद्धा वेळ लागत नसे. शुभदाबाईंची जीभ आपोआप वळली.

"क्लाराचा."

क्लाराने एकदा शुभदाबाईंकडे बघितलं. आयुष्यभर मुलांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणारी ती बाई. पण मैत्रिणीचा चेहरा बघून विरघळली.

"हो," ती म्हणाली, "माझा."

"कधी घेतलास? बोलली नाहीस ती! बघू तरी हात लावून. किती मऊ गं! आमच्या मंडळाचा आहे ना, तो म्हणजे नुसता शेणाने सारवल्यासारखा. नीरजाताईंना सांगू नका हं. पण हा! शुभदा, असं काहीतरी मंडळाला घ्यायला हवं." शालूताई हात फिरवत, पोपट मोजत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पापड घालून खाली गेल्या.

संध्याकाळी गालिचा खणखणीत वाळला. खाली आणला, हॉलमध्ये पसरला. इतका वेळ मधला भाग पाइपवर घडीत होता, तो आता पहिल्यांदा नजरेस पडला. पडला म्हणजे, तिथे काही नव्हतंच. डाळिंबी रंग, त्यात बारीक वेलबुट्टी, कडेपासून मधोमधपर्यंत एकसारखी. कलश नव्हता. नारळ नव्हता. आंब्याचं एक पानसुद्धा नव्हतं.

"कलश कुठाय?" शुभदाबाई कुजबुजल्या.

प्रभाकरपंतांनी भिंग आणलं. पोटावर आडवे होऊन धागा न् धागा तपासला. उठले, डोकं खाजवलं, पुन्हा आडवे झाले.

"विणलेली नक्षी धुतली जात नाही," ते म्हणाले. "जाऊच शकत नाही. एकही धागा तुटलेला नाही, निघालेला नाही. हे अशक्य आहे. शुभदा, हे गळतीपेक्षाही अद्भुत आहे!"

"तुमचं अद्भुत घाला चुलीत!" शुभदाबाई कडाडल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच अशा बोलल्या असाव्यात. "माझ्या हाताने गेला हो तो! मीच चोळत होते तासभर. मंडळाचा कलश मी धुऊन काढला. उद्या काय सांगू मी? तो कलश म्हणजे नीरजाताईंचा जीव की प्राण. 'जबाबदारी माझी' म्हणून छाती काढून सांगितलं होतं सगळ्यांसमोर!" आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. पंतांचं कुतूहल क्षणात जिरलं. ते शेजारी जाऊन बसले आणि भिंगच पुसत राहिले.

मार्ग निघाला तो क्लाराच्या डोक्यातून. "तुमच्याकडे खरा कलश असतोच ना? मग तोच ठेव की तिथे. पानं लाव, नारळ लाव, भोवती फुलं घाल. कोण उचलून खाली बघणारे?"

शनिवारी दुपारी हॉलमध्ये गालिच्याच्या बरोबर मधोमध तांब्याचा झकपक कलश बसला. भोवती झेंडूच्या पाकळ्यांची एवढी मोठी रांगोळी, की परातीलाही लाज वाटावी. प्रभाकरपंतांना स्वयंपाकघरात बसवून 'बाहेर यायचं नाही आणि कुणाला काही समजावून सांगायचं नाही' अशी शपथ घातली होती. मोरीतल्या बादलीत मासे गरगर फिरत होते.

बायका आल्या. चपला काढून पहिली आत आली ती समृद्धी, मंडळातली सगळ्यात तरुण. "वॉव, काकू, काय कार्पेट आहे!" असं म्हणून ती थबकली. मागून बाकीच्या आल्या आणि सगळ्याच उंबऱ्याशी दाटल्या. शेवटी समई घेऊन शालूताई पुढे झाल्या.

"अगं, हा तर क्लाराचा गालिचा!"

झालं. नीरजाताई पुढे आल्या. उंच, शिडशिडीत, पांढऱ्याशुभ्र केसांचा नेटका अंबाडा. आवाज कधी चढत नाही, त्यामुळे माणूस आणखीच घाबरतो.

"शुभदा, आपला गालिचा कुठे आहे?"

"हाच तो, नीरजाताई. मी... धुतला."

"धुऊन चॉकलेटीचा लाल होतो होय?" शालूताई म्हणाल्या. "आणि पोपट कुठून आले? काल गच्चीवर मी स्वतः पाहिलाय हा. तूच म्हणालीस क्लाराचा म्हणून. क्लाराही म्हणाली. बोलव तिला."

क्लाराला बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"क्लारा, हा गालिचा कुणाचा?"

"तुमच्या मंडळाचा."

"मग काल का म्हणालीस माझा म्हणून?"

"काल खोटं बोलले," क्लारा सरळ म्हणाली. "आज खरं सांगते."

पण एकदा खोटं बोललेल्याचं खरं कोण ऐकतं? बायकांत कुजबुज सुरू झाली. मूळ गालिचा खराब झालेला दिसतोय. त्या पेटीतलं पाणी सांडलं असणार. टाकीही दिसत नाही जागेवर! झाकायला शेजारणीचा आणून घातला. एवढं तोंडावर सांगायचं तरी! एकेक शब्द शुभदाबाईंच्या कानात शिरत होता आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आपण उद्यापासून या बायकांत नाही, हे त्यांना आत्ताच कळून चुकलं होतं.

"वाद कशाला?" शालूताई म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आपल्या गालिच्यावर कलश आहे. हे तांब्याभांडं उचला. खाली कलश असला तर आपला, नसला तर नाही."

"नको," शुभदाबाई पुटपुटल्या. पण समृद्धीने तोवर कलश उचलला, पाकळ्या बाजूला सारल्या. खाली वेलबुट्टी. निव्वळ वेलबुट्टी.

"बघा!" शालूताई म्हणाल्या.

शुभदाबाईंनी डोळे मिटून घेतले. "तुमची शपथ, नीरजाताई. कलश होता. मीच धुतला हो, माझ्याच हाताने. रिठ्याने चोळला आणि गेला. कसा गेला मला माहीत नाही. मला काढायचं असेल तर काढा मंडळातून, पण मी गालिचा बदललेला नाही."

"विणलेला कलश कधी धुतला जातो का?" कुणीतरी मागून हसलं.

नीरजाताई हसल्या नाहीत. त्या हळूच गुडघ्यांवर बसल्या. ज्या कलशावर इतकी वर्षं कुणाचा पाय पडू दिला नव्हता, तिथे त्यांनी तळवा टेकला. मग बोटांनी चाचपलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाक टेकेपर्यंत वाकल्या. सगळ्याजणी वाकून बघत होत्या.

"गेला?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "अगदी सगळा गेला?"

"हो," शुभदाबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

नीरजाताईंनी मान वर केली. डोळे नुसते चमकत होते.

"अगं, पण कशाने? मी लिंबू चोळलं, सोडा लावला, रॉकेलसुद्धा लावून पाहिलं, ढिम्म हलला नव्हता मेला!"

आपण काय बोलून गेलो, हे नीरजाताईंच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. त्या क्षणात स्वयंपाकघराचं दार उघडलं. शपथ गेली खड्ड्यात, प्रभाकरपंत बाहेर आले होते.

"डाग होता होय!" त्यांचा चेहरा फुलून आला होता. "तरीच! मी म्हणतोय, नक्षी जाईलच कशी? नीरजाताई, कशाचा हो?"

"जायफळाच्या कॉफीचा," नीरजाताई अगदी लहान आवाजात म्हणाल्या. "नवा कोरा आला होता, असाच डाळिंबी. वर्षानुवर्षांच्या मळाखाली तो रंग आपण सगळ्याच विसरलो. पहिलीच बैठक माझ्याकडे. जिन्यात तुमची पावलं वाजत होती आणि माझ्या हातून किटली कलंडली. आता काय करू, काय करू, तेवढ्यात आलात की तुम्ही आत. कुणीतरी म्हणालं, 'अय्या, कलश!' मी म्हटलं... बरं."

"कोण म्हणालं?" समृद्धीने विचारलं.

कुणालाच आठवेना. सगळ्या शालूताईंकडे बघायला लागल्या, कारण त्या काळापासून मंडळात असलेल्या दोघीच होत्या, आणि त्यांतल्या एक नीरजाताई. शालूताई मात्र हातातल्या समईकडे बघत होत्या. दर महिन्याला वाकून, डोळे मिटून, पहिलं हळदकुंकू त्याच वाहत आल्या होत्या.

शुभदाबाईंना आधी काय होतंय ते कळेना. मग पोटातून हसू वर आलं. त्यांनी ते पदरात दाबलं, तर डोळ्यांतून बाहेर पडलं. क्लारा हसली, समृद्धी हसली, आणि मग सगळ्याच. नीरजाताई खालीच बसून होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांनी शुभदाबाईंना हात धरून शेजारी, अगदी मधोमध बसवून घेतलं.

"पुढची बैठकही हिच्याकडेच," त्या म्हणाल्या. "आणि गालिचाही इथेच राहू दे. मला नाही आता धीर व्हायचा."

"अहो, पण आता ही ठेवू कुठे?" शालूताई समई घेऊन अजून उभ्याच होत्या.